ओव्हनचे दार नीट लागत नाही: समज आणि वस्तुस्थिती

ओव्हनचे दार घट्ट बसेनासे झाले की पहिला संशय कडेच्या रबरावर जातो. रबर बदलले की काम झाले, असे धरून ते मागवलेही जाते. प्रत्यक्षात दार बंद ठेवणे हे रबराचे काम नाही. दार आत ओढून धरतात त्या बिजागरीतल्या स्प्रिंगा. रबर, म्हणजे गॅस्केट, दार जागेवर आल्यानंतर उरलेली बारीक फट तेवढी बुजवते. दारच अर्धा सेंटिमीटर बाहेर राहत असेल तर नवे गॅस्केट लावूनही ते तिथेच राहते. गॅस्केट जाड निघाले तर आणखी बाहेर येते.

याच्या मुळाशी दुसरा समज असतो: ओव्हन प्रेशर कुकरसारखा हवाबंद असला पाहिजे. कुकरला दाब हवा असतो, ओव्हनमध्ये तो साठू द्यायचा नसतो. 30 अंश सेल्सिअसची हवा 200 अंशांपर्यंत तापली की तिला दीडपटीहून जास्त जागा लागते. त्यामुळे 30 लिटरच्या ओव्हनमधून जवळपास 11 लिटर हवा बाहेर जावीच लागते. त्यात केकच्या मिश्रणातले पाणी असतेच. 100 ग्रॅम पाण्याची वाफ 100 अंशांना सुमारे 167 लिटर जागा व्यापते. एवढी वाफ आत कोंडून राहिली तर नानकटाई खुसखुशीत व्हायची नाही आणि पावाला वरचा कडक पापुद्रा यायचा नाही. म्हणून प्रत्येक ओव्हनला वाफ बाहेर जायची वाट मुद्दाम ठेवलेली असते. सुरुवातीच्या काही मिनिटांत काचेवर दव धरणे किंवा दाराच्या वरून गरम झोत येणे हा दोष नव्हे. कपाटात बसवलेल्या बिल्ट-इन ओव्हनमध्ये हा झोत बहुधा दार आणि बटणांची पट्टी यांच्यामधून येतो. ओव्हन बंद केल्यावरही काही वेळ तो चालू राहतो, कारण आजूबाजूचे भाग थंड करणारा पंखा फिरत असतो.

काही बिल्ट-इन ओव्हनमध्ये गॅस्केट तीनच बाजूंना असते आणि खालची बाजू मोकळी सोडलेली असते. चौथा तुकडा गळून पडला, असे मानून तिथे काहीबाही चिकटवण्याआधी माहितीपुस्तिकेतले चित्र पाहावे. ओट्यावरच्या ओटीजीची गोष्ट आणखी साधी. बहुतेक ओटीजींना गॅस्केट नसतेच. काच आणि पत्र्याची कड एकमेकांना टेकतात, इतकेच. कडेने दिसणारी बारीक, सरळ आणि सगळीकडे सारखी फट ही त्याची मूळची रचना असते. त्या फटीवर अॅल्युमिनियम फॉइल किंवा टेप लावण्याचा उपाय वाईटच म्हणावा लागेल. टेपचा डिंक करपतो, आणि अडलेली गरम हवा बटणांकडे व वायरींकडे वळते. शिवाय ओटीजीची बरीचशी उष्णता त्या फटीतून जात नाही, पातळ पत्रा आणि काच यांतून जाते.

मग दोष आहे हे ओळखायचे कसे? फट सारखी आहे की तिरकी, आणि ती पूर्वीपासून आहे की नव्याने आली, या दोन प्रश्नांनी निम्मे काम होते. नव्याने आलेल्या फटीचे सर्वांत सामान्य कारण यंत्रात नसतेच. जाळी उलटी गेलेली असते, ट्रे मागच्या भिंतीपर्यंत सरकलेला नसतो, किंवा मुठीला अडकवलेला टॉवेल वरच्या कडेत चेपलेला असतो. पुष्कळ जाळ्यांची मागची कड वर वळवलेली असते. ती पुढे आली की काचेला अडते. काही ओटीजींत दार उघडताना जाळी आपोआप पुढे यावी म्हणून दाराला आकडे असतात. जाळी त्यांत नीट बसली नाही तरी दार अर्ध्यावर थांबते. तेव्हा सगळ्या जाळ्या आणि ट्रे बाहेर काढून रिकाम्या ओव्हनचे दार लावून पाहावे. ते नीट लागले तर शोध तिथेच संपतो.

रिकामे असतानाही दार वरच्या दोन्ही कोपऱ्यांत सारखेच सुटे राहत असेल तर स्प्रिंगा सैल झाल्या आहेत. एकाच कोपऱ्यात सुटत असेल तर त्या बाजूची बिजागरी वाकलेली किंवा खाचेतून निसटलेली असते. ओटीजीत कडेचा स्प्रिंगचा आकडा आपल्या छिद्रातून सुटला की दार लोंबकळते. तो परत अडकवता येतो. मात्र ओव्हन पूर्ण थंड हवा आणि प्लग काढलेला हवा. स्प्रिंग एकच तुटली तरी दोन्ही बदलाव्यात, कारण जुनी आणि नवी यांची ओढ सारखी नसते आणि दार पुन्हा तिरके बसते.

बिजागरी ‘आपोआप’ वाकते हा समजही तपासण्यासारखा आहे. उघडे दार म्हणजे फळी, असे मानून त्यावर भरलेला जड ट्रे टेकवला जातो, ओटा पुसताना त्यावर हात रेटला जातो, कधी मूल त्यावर चढून बसते. हे वजन बिजागरीच्या टोकापासून लांब पडते, म्हणून त्याचा ताण कित्येक पटींनी वाढतो.

बिल्ट-इन ओव्हनचे दार साफसफाईसाठी काढता येते, आणि बिघाड पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. दार पूर्ण उघडून दोन्ही बिजागऱ्यांचे खटके आधी पुढे पाडायचे, मग दार थोडे मिटवून उचलायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. खटके न पाडता दार ओढले तर स्प्रिंगची दांडी झटक्याने मिटते आणि बोट चिरडू शकते. परत बसवताना एकच दांडी खाचेत गेली की दार तिरके राहते. ते जोर लावून बंद करणे म्हणजे बिजागरी वाकवणे. काच धुऊन परत घालताना ती उलटी बसली किंवा मधले टेकू राहून गेले तरी दार जाडीने मिटत नाही.

हे सारे ठीक असेल तर मग गॅस्केट. थंड ओव्हनमध्ये कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. सगळीकडे सहज निघाली तर दोष पुन्हा बिजागरीकडे जातो. एखाद्याच ठिकाणी निघाली तर तिथले गॅस्केट चपटे झाले आहे किंवा त्याचा हुक सुटला आहे. वाफेच्या वाटेजवळ पट्टी मोकळीच निघणार, हे लक्षात ठेवावे. ओटीजीला ही कसोटी लागू नाही.

गॅस्केट घासून लख्ख केले की चांगले बसते, हा समज त्याचे आयुष्य कमी करतो. काही गॅस्केटे सिलिकॉनची असतात, तर काही काचेच्या तंतूंनी विणलेली. विणलेल्या गॅस्केटला ओव्हन क्लीनर लागला की ते कडक होऊन तुटते. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके पुरते. गॅस्केटच्या जागी कुकरची रिंग कापून लावणे किंवा एम-सील भरणे चालत नाही. ही दोन्ही ओव्हनच्या तापमानासाठी बनवलेली नसतात. स्वतःला तापवून साफ करणाऱ्या पायरोलिटिक ओव्हनमध्ये, जिथे आतले तापमान 500 अंशांच्या आसपास जाते, आणखी एक कारण संभवते: दार अडकवणारी कडी मधल्याच स्थितीत बाहेर राहते आणि दाराला आडवी येते. ती पक्कडीने वाकवू नये.

केक मधोमध कच्चा राहिला म्हणजे दारातून उष्णता गेली, हा निष्कर्षही घाईचा. थर्मोस्टॅटच चुकीचे तापमान धरत असेल तरी हेच होते. ओव्हनचा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून अर्धा तास पाहावे. तापमान वरखाली होतच राहते, कारण कॉइल चालू-बंद होत असते. सरासरी ठरवलेल्या आकड्यापासून दूर असेल तर दाराचा दोष नाही असे गृहीत न धरता दोन्ही तपासावे.

मायक्रोवेव्हचे दार मात्र वेगळ्या जातीचे. तिथे किरण अडवण्याचे काम रबर करत नाही. दाराच्या कडेत धातूची एक पोकळ खाच असते. 2450 मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर, आणि ही खाच तिच्या साधारण चौथ्या भागाच्या हिशोबाने घडवलेली असते. त्यामुळे फटीतून निघू पाहणाऱ्या लहरी तिथेच एकमेकींना मारतात. म्हणून दाराच्या कडेने वाफ दिसली की किरणही निसटत आहेत, असे होत नाही. आत मोबाइल ठेवून तो वाजतो का पाहणे हीसुद्धा कसोटी नव्हे: मोबाइल अतिशय क्षीण संकेत पकडतो, आणि बहुधा वेगळ्याच लहरींवर चालतो. अमेरिकेत 1971 पासून लागू असलेल्या मानकानुसार यंत्राच्या आयुष्यभर, पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉटपर्यंतच गळती चालते. ती मोजायला खास मीटर लागतो. दार वाकले असेल, त्याची आकडी तुटली असेल किंवा जाळीची काच तडकली असेल, तर मायक्रोवेव्ह वापरणे थांबवावे. तो घरी उघडू नये. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जीवघेणा विद्युतभार धरून ठेवू शकतो.