राखीव पेट्रोल किती दूर नेईल?

बडोद्याच्या सुभानपुऱ्यापासून कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना काही किलोमीटरांवरच आहे. १९६५ पासून तो चालू आहे. परंतु वाटेत टाकी आटली, तर हा शेजार कामास येत नाही! तेव्हा आठवण होते ती राखीव पेट्रोलची.

कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलीत त्याची निराळी टाकी नसते. नळास आतून दोन तोंडे असतात, एक उंच नळीचे आणि दुसरे तळाशी. पातळी उंच तोंडाखाली गेली की इंजिन अडखळते. चावी ‘रिझर्व्ह’कडे फिरविली की तळचे पेट्रोल वाहू लागते.

ते किती पुरेल? समजा, साठा दीड लिटर आणि लिटरमागे चाल ५० किलोमीटर. हिशेब ७५ चा, म्हणजे जवळजवळ भडोचपर्यंत. पण मागे माणूस, समोर वारा आणि रस्त्यात गर्दी असली की हा आकडा घटतो. म्हणून निम्म्यावरच भिस्त ठेवावी.

पेट्रोल भरताच चावी पूर्ववत करावी. हे विसरणाऱ्यास पुढील खेपेस इशारा न मिळताच टाकी कोरडी पडते. नव्या गाड्यांत बहुधा चावीऐवजी दिवा असतो. राखीव साठा ही पुढे जाण्याची मुभा नव्हे, पंप गाठण्याची सूचना होय.