ओटीपी आला म्हणजे कुलूप लागलं का?

व्हीपीएनवरचा लेख या आठवड्यात येणार होता, तो येत नाही. सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न सोडून पुढं जाववत नाही.

बाई मिरजेला गाडीची वाट बघताना स्टेशनचं वायफाय लॅपटॉपवर लावतात. आधी मोबाइल नंबर विचारतात, मग ओटीपी येतो, तो टाकला की नेट सुरू. बाईंचं म्हणणं असं : "एवढी चौकशी करून आत घेतात, तरी तुम्ही त्याला उघडं नेटवर्क म्हणता. उघडं म्हणजे जिथं कुणी काही विचारत नाही ते. मग हे उघडं कसं?" उलटतपासणी चांगली आहे. असाच समज असणारी माणसं मला फलाटावर, विमानतळावर, अगदी संगणक शिकवणाऱ्यांतही भेटलेली आहेत.

आधी क्रम बघू. तुम्ही वायफायची यादी उघडता, स्टेशनचं नाव निवडता, 'कनेक्ट' दाबता. झालं, लॅपटॉप जोडला गेला. छपराखाली टांगलेल्या वायफायच्या डब्याशी त्याचं बोलणं सुरू झालं, त्याला तात्पुरता आयपी पत्ताही मिळाला. ओटीपीचं पान येतं ते या सगळ्यानंतर. म्हणजे नंबर टाकायच्या आधीच तुम्ही नेटवर्कच्या आत असता. पलीकडच्या बाकावरचा माणूसही आतच असतो, आणि त्यानं ओटीपी टाकलाय की नाही याला महत्त्व नाही. ओटीपीनं उघडतो तो फक्त तिथून बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारा रस्ता.

मागच्या वेळी घरच्या राउटरची आणि लॅपटॉपची चार निरोपांची देवघेव आपण पाहिली. तिथं पासवर्डमधून किल्ली तयार होते आणि त्या किल्लीनं हवेतून जाणारा प्रत्येक तुकडा गुंडाळला जातो. स्टेशनवर यातलं काही घडत नाही. ओटीपीचे आकडे सर्व्हरकडे जातात, जुळतात, आणि त्यांचं काम तिथंच संपतं. त्यांची किल्ली बनत नाही. लॅपटॉप आणि डबा यांच्यामधली हवा ओटीपीच्या आधी जशी होती तशीच नंतरही राहते. विश्वास बसत नसेल तर विंडोजमध्ये त्या नेटवर्कचे तपशील उघडून 'सिक्युरिटी टाइप' बघा. तिथं 'ओपन' असं लिहिलेलं असतं, आणि ओटीपी टाकल्यावरही ते बदलत नाही.

मग ओटीपी मागतात कशाला? याचं उत्तर नवी मुंबईत, सानपाड्यात आहे.

२६ जुलै २००८ ची संध्याकाळ. अहमदाबादेत स्फोटांची मालिका सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी प्रसारमाध्यमांना एक ईमेल गेला. तपास करणाऱ्यांनी आयपी पत्त्याचा माग काढला, तो सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी गृहस्थाच्या फ्लॅटवर जाऊन थांबला. त्याच्या घरचं वायफाय असुरक्षित होतं. त्याचे तरंग भिंतीबाहेर जात होते, आणि बाहेरून कुणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला. सप्टेंबरात, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. तोवर आपल्याकडे 'वायफायला पासवर्ड ठेवायचा असतो' हे फारसं कुणाच्या गावीच नव्हतं. राउटर घ्यायचा, दिवा हिरवा झाला की खूष. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी तर लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती उघडी नेटवर्कं शोधत फिरण्याचं जाहीर केलं होतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना लेखी सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वायफाय द्यायचं तर वापरणारा कोण याची नोंद हवी. एकतर छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत घ्या, नाहीतर लॉगिनचे तपशील त्याच्या मोबाइलवर एसएमएसनं पाठवा म्हणजे नंबर हीच ओळख. नोंद वर्षभर जपून ठेवा. मुख्याध्यापिकाबाईंच्या मोबाइलवर मिरजेला जो ओटीपी टुणकन येतो त्याचं मूळ या कागदात आहे. उद्या त्या कनेक्शनवरून काही भलतंसलतं झालं तर पोलिसांना कुणाचं दार वाजवायचं हे कळावं, एवढाच त्याचा हेतू. लॉजच्या रजिस्टरात नाव-गाव लिहिलं म्हणून खोलीला कडी लागत नाही, तसंच हे. रजिस्टर मालकाच्या आणि पोलिसांच्या सोयीचं असतं. हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तो वेगळा आहे.

गंमत अशी की हे रजिस्टरही फारसं पक्कं नाही. एकदा ओटीपी जुळला की ती यंत्रणा तुम्हाला लक्षात कशी ठेवते? बहुतेक ठिकाणी लॅपटॉपच्या वायफाय कार्डाच्या मॅक पत्त्यावरून. हा पत्ता हवेतल्या प्रत्येक तुकड्यावर उघडा लिहिलेला असतो, घरच्या किल्लीबंद वायफायवरसुद्धा. जवळ बसलेल्या जाणकाराला तो वाचता येतो आणि स्वतःच्या लॅपटॉपला चिकटवताही येतो. मग स्टेशनच्या यंत्रणेला तो म्हणजे तुम्हीच. विंडोज १० आणि ११ मध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' नावाची सोय आहे, ती चालू केली की लॅपटॉप खरा पत्ता न सांगता बनावट पत्ता सांगतो. त्यामुळे कधीकधी ओटीपी पुन्हा मागितला जातो आणि लोक वैतागून ती बंद करतात. करू नका.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो. ओटीपीचं ते पान आपोआप कसं उगवतं, याचा विचार केलाय कधी? तुम्ही तर कुठलाच पत्ता टाकलेला नसतो.

नेटवर्क मिळालं की विंडोज गुपचूप मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक फाइल मागवतं. फाइलमध्ये फक्त 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' हे शब्द असतात, इंग्रजीत मधल्या जागांसकट मोजले तर २२ अक्षरांचा मजकूर. तोच मजकूर परत आला तर नेट चालू आहे. दुसरंच काही आलं तर मध्ये कुणीतरी अडवतंय, म्हणून ब्राउझर उघडून ते पान समोर धरायचं. ॲपलची यंत्रं अशीच एक मागणी करतात आणि 'सक्सेस' या उत्तराची वाट बघतात. ही मागणी मुद्दाम साध्या, न गुंडाळलेल्या एचटीटीपीवरून करतात. एचटीटीपीएस असतं तर मधल्या माणसाला स्वतःचं पान पुढं सरकवताच आलं नसतं, ब्राउझरनं प्रमाणपत्र जुळत नाही म्हणून बोंब ठोकली असती.

म्हणजे काय झालं बघा. तुम्ही एकाला हाक मारली आणि मधल्यानं त्याच्या नावानं भलतंच उत्तर दिलं. दोन लेखांपूर्वी आपण हाच प्रकार हल्लेखोराचा म्हणून पाहिला होता. स्टेशनचं वायफाय तो राजरोस करतं आणि आपल्याला त्याची सवय लावतं. माझा खरा आक्षेप ओटीपीवर नाही, या सवयीवर आहे. नेट चालू होत नाही म्हणून माणूस बँकेचं किंवा मेलचं पान उघडायला जातो, लाल इशारा येतो, 'ॲडव्हान्स्ड' आणि मग 'प्रोसीड' दाबतो आणि लॉगिनच्या पानाची वाट बघत बसतो. इशारा ओलांडायचा हात एकदा बसला की खऱ्या संकटातही तो तसाच पुढं जातो. लॉगिनचं पान येत नसेल तर 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' टाकून बघा. ही जागा कधीच एचटीटीपीएसवर जात नाही, तिचा जन्मच यासाठी झालाय. तिथं पान उगवलं नाही तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. पण लाल इशारा ओलांडू नका.

उगवलेलं पान खरं की खोटं, हे ओळखायचं कसं? नाव बघून तर मुळीच नाही. वायफायचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. लॅपटॉपच्या मागे मोबाइलवर हॉटस्पॉट लावून त्याला स्टेशनच्या नेटवर्कचं नाव द्या, यादीत ते तसंच दिसेल.

ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये देशांतर्गत विमानात कर्मचाऱ्यांना आपलं नसलेलं, संशयास्पद वायफाय दिसलं. पर्थच्या विमानतळावर एका प्रवाशाची बॅग तपासली. आत निघालं हातात मावेल असं वायरलेस यंत्र, एक लॅपटॉप, एक मोबाइल. जूनमध्ये तिथल्या फेडरल पोलिसांनी त्याच्यावर आरोप ठेवले आणि २०२५ च्या अखेरीस त्याला सात वर्षांहून अधिक कैद झाली. पर्थ, मेलबर्न, ॲडलेडचे विमानतळ आणि चालती विमानं, इथं तो खऱ्यासारखी दिसणारी फुकट नेटवर्कं लावायचा. जोडणाऱ्याला एक पान दिसायचं : ईमेल किंवा सोशल मीडियाच्या खात्यानं लॉगिन करा. लोक करायचे. या पानासाठी त्याला हवेतलं काहीही फोडायची गरज नव्हती. लॉगिनचं पान दिसलं की भरायचं ही लोकांची सवय त्याला पुरली.

आपल्याकडे त्या जागी ओटीपीचं पान येईल. मला जास्त काळजी त्याचीच वाटते. समजा पान खोटं आहे. तुम्ही नंबर टाकलात. पलीकडचा माणूस तोच नंबर व्हॉट्सॲपच्या नोंदणीत टाकतो. तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तुम्ही गाडीच्या घाईत आकडे तेवढे बघता आणि समोरच्या पानावर टाकता. गेलं तुमचं व्हॉट्सॲप. म्हणून बाई, एसएमएस आला की आधी मजकूर वाचा. कुणी पाठवलाय, कशासाठी पाठवलाय, त्यात 'कुणालाही सांगू नका' असं कुठल्या सेवेचं नाव घेऊन लिहिलंय, ते बघा. वायफायचं नाव नसेल तर आकडे टाकू नका. आणि ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड मागणारं वायफायचं पान दिसलं तर लॅपटॉप मिटा आणि चहा घ्या.

बाईंचा दुसरा प्रश्न : मग तिथं बँकेचं काम करायचं की नाही?

'सार्वजनिक वायफाय म्हणजे विष' असं सांगत फिरणाऱ्यांपैकी मी नाही. ते सल्ले २०१० सालचे आहेत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एरिक बटलर या प्रोग्रॅमरनं 'फायरशीप' नावाची फायरफॉक्सची जोडणी जाहीर केली. उघड्या वायफायवर बसायचं, बटण दाबायचं, आजूबाजूच्यांची फेसबुक आणि ट्विटरची खाती नावा-फोटोसकट बाजूच्या पट्टीत यायची. टिचकी मारली की तुम्ही त्यांच्या खात्यात. त्या काळी या संकेतस्थळांवर पासवर्ड तेवढा गुंडाळून जायचा आणि पुढची ओळख पटवणारी कुकी उघडी फिरायची. चोरांना साधन द्यावं असा बटलरचा हेतू नव्हता, कंपन्यांची लाज काढावी असा होता, आणि तो साधलाही. फेसबुकनं जानेवारी २०११ मध्ये संपूर्ण एचटीटीपीएसचा पर्याय दिला. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट'मुळे प्रमाणपत्रं फुकट मिळू लागली, २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी पानांवर 'नॉट सिक्युअर' असा शिक्का मारू लागलं. आज बँकेशी तुमचं बोलणं लॅपटॉपपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत गुंडाळलेलं असतं, मधली हवा उघडी असली तरी. शेजारच्याला फार तर तुम्ही कुठल्या बँकेशी बोलताय हे कळेल, काय बोलताय ते नाही.

तेव्हा बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा, इशारा आला तर मागं फिरा, आणि विंडोजनं विचारलं तर नेटवर्क 'पब्लिक' ठेवा, म्हणजे शेजारच्यांना तुमच्या लॅपटॉपचे फोल्डर दिसत नाहीत. मोठी रक्कम असेल तर मी स्वतः मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. भीतीपेक्षा त्यात आळस जास्त आहे, प्रत्येक पान तपासत बसावं लागत नाही.

गाडी आली की आणखी एक करा : नेटवर्कच्या यादीत जाऊन स्टेशनचं नाव 'फरगेट' करा. लॅपटॉप उघडं नेटवर्क ओळखतो ते फक्त नावावरून. 'ऑटोमॅटिकली कनेक्ट' वर खूण राहिली असेल, तर पुढच्या कुठल्याही गावात कुणी त्याच नावाचा हॉटस्पॉट लावला की लॅपटॉप तुम्हाला न विचारता त्याला जाऊन चिकटेल.

व्हीपीएन पुढच्या रविवारी, नक्की. फक्त नावावरून आठवलं म्हणून : विंडोज एक्सपीच्या काळात अमेरिकेतल्या विमानतळांवर 'फ्री पब्लिक वायफाय' नावाचं एक नेटवर्क लॅपटॉपवरून लॅपटॉपवर पसरत गेलं होतं. त्याच्यामागे ना राउटर होता, ना इंटरनेट. ते आधी सांगून टाकतो, मग व्हीपीएन.