मृगयेंतील एक युक्ति : शिंगांचा खडखडाट

हरणाची शिकार म्हटली कीं आपल्यापुढें पाठलागाचें चित्र उभें राहतें. ‘शाकुंतला’चा पहिला अंक वाचलेल्या माणसाला तर दुष्यंताचा रथ आणि त्याच्यापुढें पळणारा मृग यांवांचून दुसरें कांहीं सुचतच नाहीं. परंतु मृगयेची एक रीत याच्या अगदीं उलट आहे. तींत शिकारी जागचा हालत नाहीं. हरीणच त्याच्याकडे चालून येतें. त्या रीतीविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

उत्तर अमेरिकेंत, विशेषतः टेक्सस राज्यांत, पांढऱ्या शेपटीचीं हरणें पुष्कळ आहेत. त्यांच्या माजाचा काळ हिंवाळ्याच्या तोंडाशीं येतो. त्या दिवसांत शिकारी पहाटे झुडपाआड बसतो. त्याच्या हातांत झडलेल्या शिंगांची एक जोडी असते. प्रथम तो तीं शिंगें एकमेकांवर जोरानें आदळतो. मग टोकांत टोकें अडकवून पिळतो, घासतो. मध्येंच फांद्या मोडतो, टांचेनें जमीन बडवितो, पाचोळा खरवडतो. दोन नर झुंजूं लागले म्हणजे रानांत जो गलबला उठतो त्याची ही नक्कल. एकदोन मिनिटें असें करून तो गप्प बसतो, वाट पाहतो आणि पुन्हां आरंभ करतो. दैव अनुकूल असेल तर एखादा नर कान टवकारून झाडींतून बाहेर येतो.

तो कां येतो? माजाच्या दिवसांत नर झुंजतात ते मादीसाठीं आणि आपल्या मानासाठीं. झुंज चालली आहे त्या अर्थीं जवळपास मादी असणार, आणि ते दोघे एकमेकांत गुंतले असतां तिसऱ्याचा लाभ होण्याचा संभव आहे, अशी त्याची ओढ. टेक्ससमध्यें १९९०च्या दशकांत कांहीं अभ्यासकांनीं हा खडखडाट हळू आणि मोठ्यानें, असा दोन्ही तऱ्हांनीं करून पाहिला. मोठ्या आवाजाला अधिक नर आले. पण त्यांतील बहुतेक आवाजाच्या रोखानें सरळ न येतां वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगास गेले. कानानें ऐकलेल्या बातमीची नाकाकडून खात्री करून घ्यावयाची, हा हरणाचा शहाणपणा माणसानेंहि उचलण्यासारखा आहे. म्हणून जाणता शिकारी आपला जोडीदार त्याच बाजूला दडवून ठेवतो.

येथें ‘शिंग’ या शब्दाचा थोडा उलगडा केला पाहिजे. आपल्या भाषेंत एकच शब्द असल्यामुळें घोटाळा होतो, वर्गांत हरणाचा धडा चालला असतां मुलें हटकून विचारीत, “गुरुजी, काळविटाचीं शिंगें कधीं झडतात?” तीं झडतच नाहींत. चितळ, सांबर किंवा अमेरिकेंतील हें हरीण यांचीं शिंगें म्हणजे भरीव हाड. दरवर्षीं तें नवें उगवतें. वाढत असतां त्यावर मखमलीसारखी कातडी असते, ती वाळून गळते, आणि माजाचा काळ सरल्यावर सबंध शिंगच गळून पडतें. काळवीट मात्र या कुळांतला नव्हे. त्याचें नातें गाईबकऱ्यांशीं. त्याचें पीळदार, वळ्यावळ्यांचें शिंग म्हणजे आंतल्या हाडावर चढलेली खोळ; ती जन्मभर वाढते आणि त्याच्याबरोबरच जाते. सांबरशिंग रानांत पडलेलें सांपडतें, काळविटाचें तसें सांपडत नाहीं.

आतां आमच्या मुलखाकडे वळूं. कुर्डुवाडी पुष्कळांना ठाऊक असते ती रेल्वेचें जंक्शन म्हणून. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी होती तोंवर येथें उतरून पंढरीची गाडी धरलेले अनेक वारकरी असतील. पण स्टेशन सोडून उत्तरेस करमाळा-कर्जताकडे किंवा पूर्वेस नान्नजकडे गेलें कीं माळ लागतो. खडकाळ जमीन, गुडघाभर गवत, मधूनमधून बाभूळ-बोर, आणि शाळूचीं शेतें. हें काळविटाचें घर. मनुस्मृतींत कृष्णमृग जेथें स्वभावतः हिंडतो तो देश यज्ञाला योग्य म्हटला आहे. त्या न्यायानें आमचा दुष्काळी माळहि पवित्रच म्हणावा लागेल!

या माळावर शिंगांचा खडखडाट कितपत चालेल? माझ्या मतें फारसा नाहीं, आणि कारण उघड आहे. दाट झाडींत दिसत नाहीं, म्हणून कान मुख्य. माळावर आडोसा नाहीं. काळवीट लांबवरचें पाहतो. झुडपामागें आवाज झाला तर तो मान उंच करून बघेल. तेथें झुंजणारे नर दिसले नाहींत कीं त्याचा संशय बळावेल. त्याला फसवावयाचें तर त्याच्या डोळ्यांपुढें खराखुरा प्रतिस्पर्धीच उभा केला पाहिजे.

आणि आपल्या लोकांनीं नेमकें तेंच केलें. पोटाशीं धरून वाढविलेला पाळीव काळवीट घ्यावयाचा, त्याच्या शिंगांना फांस किंवा जाळें बांधावयाचें आणि त्याला रानांतल्या कळपाच्या दिशेनें सोडावयाचें. माजावर आलेला नर आपला टापू राखून असतो. लेंड्यांचे ढीग घालून आणि डोळ्यांपुढील ग्रंथींचा वास काड्यांना लावून त्यानें त्या टापूची हद्द आंखलेली असते. परका नर त्या हद्दींत शिरलेला पाहून तो चालून येतो, शिंगाला शिंग भिडवितो, आणि त्याचीं शिंगें फांसांत अडकतात. मग शिकाऱ्यानें जाऊन त्याला धरावयाचें. बाण नाहीं, बंदूक नाहीं. त्या नराची ईर्षा हेंच हत्यार.

ही युक्ति फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, जो ११३०च्या सुमारास झाला, मृगया हा राजाचा एक विनोद म्हणून सविस्तर वर्णिला असून त्यांत पाळीव हरणाच्या साहाय्यानें रानटी हरीण पकडण्याची माहिती आहे. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. सोलापुराहून तें फार दूर नाहीं. पुढें अबुल फज्लनें ‘आईने अकबरी’ंत अकबराच्या दरबारांतील ही शिकार नोंदविली आहे. जहांगीराला तर या कामांत तरबेज असलेल्या आपल्या मनसराज नांवाच्या काळविटाचा इतका लळा होता कीं त्याच्या मृत्यूनंतर शेखूपुऱ्यास त्याची कबर बांधविली. तेथला हिरन मिनार आज पाकिस्तानांत उभा आहे.

राजांच्या घरीं जो विनोद, तोच गरिबाच्या घरीं पोटाचा धंदा. आमच्या भागांतील फांसेपारधी हे फांसांच्या विद्येंत निष्णात. तितराच्या बाबतींत त्यांची तऱ्हा अमेरिकन शिकाऱ्याच्या खडखडाटाची सख्खी बहीण आहे. पिंजऱ्यांतला पाळीव तितर माळावर ठेवावयाचा आणि भोंवतीं फांस पेरावयाचे. पहाटे तो ओरडूं लागला कीं ‘माझ्या जागेंत हा कोण?’ म्हणून रानांतला तितर धांवून येतो आणि पायानें फांसांत सांपडतो. तितर गवतांत दडून राहतो, म्हणून तेथें आवाज. काळवीट उघड्यावर राहतो, म्हणून तेथें रूप. प्राण्याच्या स्वभावाचें हें ज्ञान पुस्तकावांचून बापाकडून मुलाकडे आलें.

परंतु त्या ज्ञानाचें मोल काय झालें? १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यालाहि लागू झाला, आणि पारध्यांवर जन्मानेंच गुन्हेगार असा शिक्का बसला. खुद्द सोलापुरांत अशा जमातींसाठीं तारेच्या कुंपणांतली सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशभर रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनांतून अजून पुरता पुसला गेलेला नाहीं. संस्थानिक चित्ता सोडून काळवीट मारी तेव्हां तो शौक ठरे आणि पारध्यानें फांस टाकला कीं चोरी, हा न्याय मला कधींच उमगला नाहीं.

आतां ही सारी विद्या कायद्यानें बंद आहे, आणि तें योग्यच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत काळवीट आहे. त्याला मारणें किंवा पकडणें याबद्दल तीन ते सात वर्षें कैद आणि निदान २५ हजार रुपये दंड होऊं शकतो. संरक्षणामुळें आमच्याकडे काळवीट टिकला. नान्नजचें अभयारण्य १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं झालें. माळढोक आज तेथें क्वचितच दिसतो, काळवीट मात्र सुखानें नांदतो. तो शाळूच्या कोंवळ्या पिकांत शिरतो तेव्हां शेतकरी त्याला सुखानें शिव्या देतो, हेंहि सांगितलें पाहिजे. त्याचें नुकसान खरें असतें आणि त्याची भरपाई वेळेवर मिळाली तरच काळविटाला शेजारी म्हणून राहतां येईल.

फांस गेले तरी ज्ञान टाकून देण्याचें कारण नाहीं. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० पासून काळविटांचें छोटेंसें अभयारण्य आहे. त्याचें क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरांहूनहि थोडें कमी. कुर्डुवाडीहून सकाळीं निघून संध्याकाळीं परत येतां येतें. फाल्गुन-चैत्रांत किंवा पावसाळ्याच्या उत्तरार्धांत जावें. त्या दिवसांत नर माजावर असतात. मात्र आवाज काढून, कांहीं आपटून किंवा यंत्रांतून झुंजीचा नाद ऐकवून त्यांना बोलावूं नये. खोट्या हांकेला धांवणारा नर तेवढा वेळ आपली जागा मोकळी टाकतो, आणि ती बळकावण्यास दुसरा टपलेला असतोच.

तेथें स्वस्थ बसून पाहावें. काळा नर मान मागें टाकून, कान खालीं पाडून, ठुमकत चालत असेल. समोरून दुसरा आला कीं दोघे लगेच भिडत नाहींत; हद्दीच्या कडेनें बरोबरीनें चालत एकमेकांना जोखतात. बहुतेक वेळां एवढ्यावरच भागतें आणि एकजण मान वळवून निघून जातो. क्वचित् शिंगें भिडतात. तो आवाज कोरडा, काठीवर काठी बसावी तसा, आणि कांहीं क्षणांचाच असतो. वारा आपल्याकडे असेल तर बसल्या जागीं ऐकूं येतो.