चौक बुजवू नका, स्पीकर हलवा!

चेन्नईचं मैलापूर म्हणजे कपालीश्वराचं देऊळ आणि त्याला वेढणारे चार माड रस्ते. दारापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोपऱ्याकोपऱ्यावर फिल्टर कॉफीचा दरवळ आणि डिसेंबर उजाडला की सभा-सभांतून गाणंच गाणं! इथली जुनी घरं आता मोजकीच उरलीत. रस्त्याकडे तोंड जेमतेम, आत मात्र आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब. आधी ओटा, मग बैठक, मधे उघडा चौक, पलीकडे स्वयंपाकघर. पुण्याच्या वाड्यात वाढलेल्याला हे चित्र मुळीच परकं वाटायचं नाही.

अशा घरात होम थिएटर आलं की पंचाईत होते. बैठकीला एका बाजूला धड भिंत आहे, दुसऱ्या बाजूला मात्र खांब आणि चौकाचं मोकळं तोंड. डावीकडचा मागचा स्पीकर टांगायचा कुठे? मग कुणीतरी सोपा उपाय सुचवतं : चौक बुजवा, भिंत घाला, खोली चौकोनी करा. म्हणजे पाच स्पीकरांपायी घराचा उजेड आणि वारा दोन्ही घालवायचे! शिवाय चौकोनी खोलीत आवाज चांगला येतो ही समजूतही खोटी. लांबी-रुंदी सारखी असलेली खोली खालच्या स्वरांना तर सगळ्यात वाईट. तिथे ठरावीक स्वर दुपटीने घुमतात.

मुळात स्पीकरची जागा भिंत ठरवत नाही, कान ठरवतो. पंगुनी उत्सवात, मार्च-एप्रिलच्या सुमारास, त्रेसष्ट नायन्मार संतांची मिरवणूक या रस्त्यांवरून निघते. ओट्यावर डोळे मिटून बसलेल्या आजीलाही कळतं, नादस्वरम आता कोणत्या कोपऱ्यावर वळलं ते. एका कानाला आवाज आधी पोहोचतो, दुसऱ्याला कणभर उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. होम थिएटरची सारी करामत याच सवयीवर उभी आहे.

म्हणून आधी कोच ठरवा, मग स्पीकर. समजा, बैठक २४ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. टीव्ही अरुंद भिंतीवर घ्या आणि कोच त्याच्यापासून नऊ फुटांवर ठेवा. मागे पंधरा फूट रिकामे राहिले तर राहू द्या, तिथे झोपाळा टांगा! बरोबर मधोमध बसलं की काही खालचे स्वर गायब होतात आणि मागच्या भिंतीला पाठ टेकली की तेच स्वर अंगावर येतात.

पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून आठ फुटांवर असावेत. कोचावरून पाहिलं तर प्रत्येकाचा कोन २४ अंशांच्या आसपास येतो. २२ ते ३० अंशांत कुठेही चालतं. मधला स्पीकर टीव्हीखाली, तोंड किंचित वर कानाकडे. संवाद मुख्यतः यातूनच येतात. ‘गाणी कानठळ्या बसवतात आणि बोललेलं ऐकूच येत नाही,’ अशी आजोबांची तक्रार असेल, तर सगळा आवाज वाढवू नका. फक्त मधल्याचा दोन-तीन डेसिबलने वाढवा.

खरी चूक होते ती मागच्या जोडीत. ‘मागचे’ म्हणून लोक ते खोलीच्या पार टोकाच्या कोपऱ्यांत टांगतात. त्यांची जागा आहे कानांच्या बाजूला, जरा मागे : ११० अंशांच्या आसपास. म्हणजे कोचाच्या मध्यापासून साडेचार फूट डावी-उजवीकडे आणि कानांच्या रेषेपासून दीड-दोन फूट मागे. भिंत हवीच कशाला? उभा स्टँड घ्या. जुन्या चुन्याच्या गिलाव्याला भोकं पाडण्यापेक्षा तो कधीही बरा. खांब मात्र कान आणि स्पीकरच्या आड येऊ देऊ नका. त्यासाठी डावा स्पीकर फूटभर जवळ घ्यावा लागला तरी बिघडत नाही. आवाजाला एक फूट कापायला साधारण सेकंदाचा हजारावा भाग लागतो. दोन्ही अंतरं रिसीव्हरमध्ये भरली की जवळच्या स्पीकरचा आवाज तो तेवढाच थोपवून धरतो.

उरतो तिरकेपणा. उजवी भिंत आवाज परतवते, चौक तो गिळून टाकतो. साहजिकच सगळं उजवीकडे कलल्यासारखं वाटतं. कोचावर बसा आणि दुसऱ्याला उजव्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. जिथे पुढचा उजवा स्पीकर आरशात दिसेल, तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा हवा. गुळगुळीत लाल फरशीवर जमखाना अंथरा. तमिळनाडूतल्या भवानी गावचे जमखाने तर प्रसिद्धच आहेत.

सबवूफरसाठी एक गमतीची युक्ती आहे. तो चक्क कोचावर ठेवा, ठेकेदार गाणं लावा आणि खोलीभर रांगत ऐका. ढोल जिथे स्वच्छ वाजेल, तिथे त्याचा मुक्काम. रात्री मात्र तो उतरवाच. खालचे स्वर शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीतून सहज पार होतात, पडदा त्यांना अडवत नाही.

२०१२ साली रजनीकांतचा ‘शिवाजी’ त्रिमितीत आला, तो डॉल्बी अ‍ॅटमॉस आवाजातला पहिला भारतीय चित्रपट. तेव्हापासून डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचा मोह अनेकांना पडतो. पण छतावर आवाज आपटवणाऱ्या स्पीकरांना सपाट, बेताच्या उंचीचं छत लागतं. जुन्या घरांचं मद्रास टेरेस छत असतं उंच आणि लाकडी तुळयांचं. तिथे हा खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

मैफलींच्या बहुतेक ध्वनिमुद्रिका दोनच वाटांनी केलेल्या असतात. त्या ऐकताना रिसीव्हरचं बटण ‘स्टिरिओ’वर ठेवा आणि मागची जोडी गप्प बसवा. चौकात पाऊस पडत असेल, तर तोही ऐकू येईल.