दुष्काळ, अन्न आणि अन्नावरील हक्क

दुष्काळाचा विषय निघाला की आमच्या व्यासपीठांवरून बहुधा उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायातील योसेफाचे उदाहरण दिले जाते. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठविला गेला आणि त्यावर मिसर देश तगला. धान्य असले की माणसे जगतात, नसले की मरतात, असा सरळ हिशेब त्यावरून श्रोत्यांच्या मनात ठसतो. हा हिशेब अपुरा असल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे; आणि आमच्या मते पवित्र शास्त्राचेही म्हणणे निराळे नाही.

या विचाराला वळण देणारा ग्रंथ म्हणजे अमर्त्य सेन यांचा १९८१ साली प्रसिद्ध झालेला ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’. त्यातील मुख्य उदाहरण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे आहे. सेन यांच्या हिशेबानुसार त्या वर्षी बंगालमधील धान्याचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्केच कमी होता. १९४१ च्या मानाने तर तो १३ टक्क्यांनी अधिक होता. १९४१ साली दुष्काळ पडला नाही. १९४३ च्या दुष्काळाने मात्र, सरकारी चौकशी आयोगाच्या अंदाजाप्रमाणे १५ लाख आणि सेन यांच्या अंदाजाप्रमाणे ३० लाखांच्या आसपास माणसे दगावली.

असे का व्हावे? कलकत्त्यात तांदळाचा घाऊक भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला तेरा-चौदा रुपये होता, तो ऑगस्ट १९४३ मध्ये सदतीस रुपयांवर गेला. युद्धखर्चामुळे शहरात पैसा खेळू लागला होता, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला होता, साठेबाजीला ऊत आला होता. भूमिहीन शेतमजुराची मजुरी या भावांच्या मागे धावू शकली नाही. कोळी, न्हावी, भात कांडणाऱ्या स्त्रिया यांची स्थिती त्याहून शिकवण देणारी आहे. पोटाला चिमटा बसला की लोक प्रथम केस कापविणे आणि मासे घेणे सोडतात. म्हणजे ज्या आठवड्यात तांदूळ महागतो त्याच आठवड्यात न्हाव्याचे आणि कोळ्याचे उत्पन्नही आटते. (शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने १९४२ मध्ये किनारी भागातील होड्या काढून घेतल्या होत्या, कोळ्यांवर हा दुहेरी घाव होता.) उलट बटाईने शेती करणारा कूळ गरीबच, पण त्याचा वाटा पैशात नसून भातात मिळे, म्हणून तो मजुराच्या मानाने बचावला. कलकत्त्यातील कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या नोकरवर्गाला सवलतीच्या दराने धान्य मिळत राहिले. सेन यांचा सिद्धांत थोडक्यात असा: माणूस जगतो तो धान्य देशात असल्यामुळे नव्हे, तर आपली जमीन, श्रम, कसब वा कायदेशीर अधिकार यांच्या बदल्यात ते मिळविण्याचा त्याचा हक्क शाबूत असल्यामुळे.

सेन यांच्या आकडेवारीवर आक्षेप घेणारे अभ्यासक आहेत. १९४२ साली भातावर पडलेल्या रोगाने पीक सरकारी आकड्यांपेक्षा अधिक बुडाले, असे काहींचे मत आहे. ते मान्य केले तरी मरण नेमके कोणाच्या दारी आले, हा प्रश्न उरतोच.

आरोग्याची बाजू आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. दुष्काळामुळे झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून बरेच अधिक १९४३ संपल्यानंतर, म्हणजे नवे पीक हाती आल्यावर झाले. हिवताप, पटकी, देवी यांनी उपाशी देहांना गाठले. साथीला भेदभाव ठाऊक नसतो असे आपण अंत्यविधीच्या प्रसंगी सहज बोलून जातो. आकडे तसे सांगत नाहीत.

महाराष्ट्रातील १९७० ते १९७३ चा दुष्काळ याच्या शेजारी ठेवून पाहावा. पिके सलग बुडाली, तरी मृत्यू फारसे वाढले नाहीत. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा सविस्तर अभ्यास केला आहे. मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या जवळपास माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून, बंधारे घालून मिळालेल्या मजुरीमुळे त्यांचा बाजारातील धान्यावरचा हक्क टिकला, आणि मजुराच्या हाती पैसा आहे म्हणून व्यापारीही धान्य त्या भागाकडे आणू लागले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. दुष्काळी संहितेतील कामांची तरतूद बंगालमध्ये १९४३ सालीही उपलब्ध होती. सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा भारतीय अन्न महामंडळाच्या कोठारांत सात कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता, आणि शेकडो मैल पायी गावी निघालेल्या मजुरांपैकी अनेकांची शिधापत्रिका गावच्या पत्त्यावर होती.

आता शास्त्राकडे वळू. योसेफाची कथा एकेचाळिसाव्या अध्यायात संपत नाही. सत्तेचाळिसाव्यात लोक धान्यासाठी प्रथम पैसा देतात, मग गुरेढोरे, मग जमीन आणि अखेर स्वतःचे देह. जमीन फारोची होते, याजकांची तेवढी वगळून. या शेवटच्या तपशिलावर याजकवर्गाने सहसा प्रवचन केलेले नाही. कोठारे भरलेली होती आणि लोक जगलेही. परंतु जगण्याची किंमत काय पडली हे ग्रंथकाराने लपविले नाही. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात तोच प्रसंग उलट्या दिशेने घडतो. महागाईत धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली आहेत, मुलीबाळी दास्यात गेल्या आहेत, आणि सावकार परके नसून भाऊबंदच आहेत. नहेम्या नवे धान्य आणवीत नाही. तो शेते, मळे, घरे परत करावयास लावतो आणि व्याज सोडावयास सांगतो.

मंडळीच्या मदतनिधीचे वाटप करणाऱ्या पाळकांना आणि धर्मशिक्षकांना यातून एक कामाचा प्रश्न हाती लागतो. गरीब कोण, एवढे विचारून भागत नाही. या संकटात कोणाच्या कामाचे गिऱ्हाईक तुटले, आणि कोणाचे नाव कोणत्याच यादीत नाही, हेही विचारावे लागते. भाडेकरू, नुकते स्थलांतरित, घरकाम करणाऱ्या स्त्रिया अशा ठिकाणी सापडतात. प्रेषितांच्या कृत्यांतील सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीपुढे हीच अडचण आली होती: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. त्या मंडळीने वाटपासाठी सात जण नेमले, आणि त्या सातांची नावे पाहिली तर सर्व ग्रीक आहेत.