दहशतवादी संघटनांची यादी : कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण

२५ डिसेंबर २०११ रोजी नायजेरियाची राजधानी अबुजानजीकच्या मडाला येथे संत तेरेझा चर्चमधील नाताळची मिस्सा आटोपत असताना बॉम्बस्फोट झाला. तीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. ‘बोको हराम’ या संघटनेने त्याची जबाबदारी घेतली. तरीही अमेरिकेने तिला ‘परदेशी दहशतवादी संघटना’ ठरविले ते नोव्हेंबर २०१३ मध्ये. हा विलंब का झाला, असा प्रश्न भाविकांना पडणे स्वाभाविक आहे.

१९९६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परराष्ट्रमंत्र्यांना तीन अटी तपासाव्या लागतात : संघटना परदेशी असावी, ती दहशतवादी कृत्ये करीत असावी अथवा तशी क्षमता व इरादा बाळगून असावी, आणि तिच्यापासून अमेरिकी नागरिकांना वा राष्ट्रीय सुरक्षेला धोका असावा. येथे बळी जात होते ते मुख्यतः नायजेरियन. शिवाय, यादीत नाव आल्यास संघटनेचे महत्त्व वाढेल व मदतकार्यात अडथळे येतील, अशी भीती काही अभ्यासकांनी २०१२ मध्ये व्यक्त केली. त्याच वर्षी तेथील लोकप्रतिनिधींनी, ही संघटना निकषांत बसते की नाही याचे उत्तर परराष्ट्रमंत्र्यांनी द्यावे, असे विधेयक मांडले. जून २०१२ मध्ये मात्र केवळ तीन म्होरक्यांची नावे यादीत आली.

एप्रिल २०१४ मध्ये चिबोक येथून २७६ मुलींचे अपहरण झाले. डिसेंबर २०१६ च्या कायद्याने बोको हरामविरुद्ध संयुक्त धोरण आखणे परराष्ट्र व संरक्षण खात्यांना बंधनकारक केले आणि नायजेरिया व तिच्या शेजारी देशांच्या इच्छाशक्तीचे व क्षमतेचे मूल्यमापन गुप्तचर यंत्रणेकडे सोपविले.

यादीत आलेल्या संघटनेला जाणूनबुजून साहाय्य करणे हा गुन्हा ठरतो. औषधे व धार्मिक साहित्य यांना त्यातून सूट आहे, अन्नधान्याला नाही. शांततामय मार्गाचे प्रशिक्षण देणेही ‘साहाय्य’ ठरू शकते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. समेटासाठी झटणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावयास हवे.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण दहशतवादाचा निःसंदिग्ध निषेध करते आणि त्यापासून संरक्षणाचा हक्क मान्य करते. मात्र तो हक्क नीती व कायद्याच्या मर्यादेतच बजावावा, असे बजावते. गुन्ह्याची जबाबदारी नेहमी व्यक्तीची असते. ती संपूर्ण धर्मावर वा वंशावर लादता येत नाही. बोको हरामने असंख्य मुस्लिम बांधवांचेही प्राण घेतले आहेत, हे आपण विसरू नये.

म्हणून शासनाने धोक्याचे मूल्यमापन पुराव्यानिशी करावे आणि ते वेळेवर करावे. आपण मडालाच्या मृतांसाठी प्रार्थना करू या, आणि शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याच्या मोहापासून स्वतःला जपू या.