ग्रीक शोकांतिका मराठीतून वाचताना

पुलगावच्या एखाद्या नाट्यवेड्या मुलीला ग्रीक नाटककार सोफोक्लीजचा ‘ईडिपस’ वाचायचा असेल, तर इंग्रजी यायलाच हवे असे नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने तो १९७९ मध्ये मराठीत आणला. त्याच्या कितीतरी आधी, १९५९ मध्ये, सदानंद रेगे यांनी त्यावरून ‘जयकेतू’ लिहिले होते. पण ते रूपांतर. मूळ नाटक जवळून पाहायचे असेल, तर आधी भाषांतरच हाती घ्यावे.

सोफोक्लीजने शंभरावर नाटके लिहिली. त्यांपैकी पूर्ण स्वरूपात उरली फक्त सात. शतकानुशतके हाताने नकलून टिकलेली ही नाटके १५०२ मध्ये व्हेनिसला प्रथम छापली गेली. नकला करताना शब्द बदलले, ओळी गळल्या, म्हणून अभ्यासकांचे पाठ एकमेकांशी जुळत नाहीत. कंसातल्या रंगसूचनाही बहुतांशी संपादक-अनुवादकांच्याच. त्यामुळे प्रस्तावना आणि टिपा असलेली आवृत्ती केव्हाही चांगली.

खरी कसोटी कोरसची. सोफोक्लीजच्या नाटकांत पंधरा जणांचा हा वृंद गात-नाचत असे. कागदावर त्याची नुसती भाषणे होतात आणि घाईचा वाचक ती गाळतो. तसे करू नये, कारण ‘ईडिपस’मधल्या रोगराईने गांजलेल्या थीब्ज नगरीची भीती तिथेच ऐकू येते.

शोकांतिका समजून घ्यायला सोबतीला विंदा करंदीकरांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७) आहेच. मात्र आधी नाटक वाचा, तेही चौघांनी मिळून, मोठ्याने.